एक वीत डावीकडे

३ जून

आदरणीय मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहितो आहे. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या. आधी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं, मग इथे उतरवलं.

मी बरा आहे. खांद्यातून हात आता कानापर्यंत वर जातो. मागच्या महिन्यात गालापर्यंत जायचा. सकाळी खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करतो आणि हात किती वर गेला ते बघतो. खुणा इतक्या झाल्या आहेत की लहान मुलाची उंची मोजल्यासारखं दिसतं.

काम काचेच्या दुकानात आहे. खाली दुकान, वर माझी खोली. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात आणि उस्ताद मला गोली म्हणतात. मी गोलकीपर होतो हे कळल्यावर त्यांनी विचारलं, ‘म्हणजे हातातून काही निसटत नाही ना?’ मी म्हणालो, ‘एकदाच निसटलं.’ ते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. मी काचा पुसतो, मधे कागद घालून रचतो, गिऱ्हाइकाच्या घरी उचलून नेतो. समोरून बघितलं तर काच दिसत नाही, पण कडेने बघितलं तर हिरवी दिसते. दुपारी ऊन आलं की भिंतीला टेकलेल्या काचांच्या कडा एका रांगेत हिरव्या होतात आणि मला वाटतं, आपलं मैदान कुणीतरी उभं करून ठेवलं आहे.

स्वप्न अजून पडतं. मैदानावर गुडघ्याएवढं धुकं असतं. चेंडू इतका हळू येतो की त्याची शिवण मोजता येते. मला माहीत असतं की तो मी धरणार आहे. फक्त एकदा मागे बघावं म्हणून वळतो, तर मागे गोल नसतो. नुसती एक खिडकी असते, काच नसलेली, आणि पलीकडे कुणीतरी दिवा लावत असतं.

आता मुद्द्याचं. अठरा तारखेला इथल्या एका लहान क्लबची निवड चाचणी आहे. जावं असं वाटतं आणि भीतीही वाटते. खांद्याची भीती नाही. त्या सामन्याला चौदा महिने झाले. तुम्ही इतकी वर्षं राखता त्या आपल्या मैदानावर आमचा क्लब पहिल्यांदा आला होता, तुम्ही आणि मामी पंपाशेजारी बसला होतात, आणि मी बारा वर्षांचा असताना जिथे उभा राहायचो तिथेच उभा होतो. दुसऱ्या अर्ध्यात डावीकडे फटका आला. मी झेपावलो, बोटं चेंडूला लागली, आणि खांब जिथे असायला नको तिथे होता. खांदा खांबावर, चेंडू रेषेच्या आत. दोन शस्त्रक्रिया झाल्या, मग क्लबने एक पत्र आणि एक बॅग देऊन निरोप दिला. त्याबद्दल तक्रार नाही. पण मी माझ्या गोलमध्ये कुठे उभा आहे हे मला कळलं नाही, हे काही केल्या मनातून जात नाही.

तुम्हीच शिकवलंत की गोलकीपरची गोलकडे पाठ असते, म्हणून समोर पेनल्टीच्या ठिपक्याकडे बघायचं, त्याच्या सरळ रेषेत टाचेने जमिनीवर खूण करायची आणि त्या खुणेला घर मानायचं. ‘ठिपका म्हणजे तुझा पाठीमागचा डोळा, आणि माझा ठिपका खोटं बोलत नाही,’ असं तुम्ही म्हणायचात. सामना संपला की शिव्या देत माझी खूण हाताने बुजवायचात. त्या दिवशीही तुम्हीच बुजवली असणार. मामा, त्या दिवशी माझी खूण कुठे होती? मधोमध होती की सरकली होती? एवढं सांगितलंत तर मी काय ते ठरवीन.

तुमचा,
बोक्या

९ जून

चि. बोक्यास अनेक आशीर्वाद.

(अक्षर मामीचं आहे. मामांच्या उजव्या हाताला सूज आहे म्हणे. दाखवा म्हटलं तर दाखवत नाहीत.)

पत्र मिळालं. हात वर जातो हे वाचून बरं वाटलं. चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा करू नकोस, घरमालक ओरडेल. मैदान ठीक आहे. पंपाचा वॉशर गेला होता, तो बदलला. यंदा कोपऱ्यात तण फार झालंय. नवीन पोरं बूट घालून रेषांवरून चालतात, त्यांना बापाने काही शिकवलेलं दिसत नाही.

(मी म्हटलं, मुलगा काय विचारतोय आणि तुम्ही तण काय सांगताय! तर म्हणाले, तू लिही.)

खुणेचं विचारलंस. चौदा महिन्यांपूर्वीची खूण कुणाच्या लक्षात राहते? जे गेलं ते गेलं. चाचणीला जायचं तर जा, नाही तर नको जाऊ. काचेचं काम चांगलं आहे. काचेला कुणी लाथ मारत नाही. जेवत जा.

मामा

ता. क. मामीकडून: दोन वेळा जेवतोस ना? ‘हो’ लिहून मोकळा होऊ नकोस, काय जेवतोस ते लिही. तुझं अक्षर एवढं सुरेख आलंय की मी पत्र शेजारणीला दाखवलं. तिचा मुलगा वकील आहे, पण अक्षर म्हणजे कोंबडीने पाय पुसल्यासारखं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

२२ जून

आदरणीय मामा आणि मामी,

मामी, सकाळी ब्रेड आणि अंडी, दुपारी भात आणि डाळ, रात्री जे उरेल ते. उस्तादांच्या घरून कधी कधी डबा येतो.

चाचणीला गेलो. तुम्हाला सगळं नीट सांगतो, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल.

मैदान लहान होतं आणि एका बाजूला कापडाची गिरणी होती, बंद पडलेली. तिच्या फुटक्या खिडक्यांतून कबुतरं आत-बाहेर करत होती. आम्ही चार गोलकीपर होतो. बाकी तिघांचं वय मिळून माझ्यापेक्षा थोडंसंच जास्त असेल. माझी पाळी आली. ठिपका बघितला, टाचेने खूण केली. तिथले प्रशिक्षक म्हणाले, ‘काय उकरतोस रे? बटाटे लावायचेत?’ सगळे हसले, मीही हसलो.

पहिला फटका मी उजवीकडे झेपावून बाहेर काढला. मामा, अंग अजून सगळं ओळखतं. हवेत असताना मला वाटलं, मी कधी थांबलोच नव्हतो, मधले चौदा महिने दुसऱ्याच कुणाला आले होते. दुसरा फटका पोटात धरला. मग मनात आलं, खूण सरकली असली तर? मी मागे वळून खांब बघितले. परत पुढे बघितलं. परत वाटलं, नीट बघितलं नाही, म्हणून पुन्हा वळलो. तिसरा फटका साधा होता. लहान मुलाने आईकडे टाकावा तसा चेंडू आला आणि माझ्या बाजूने आत गेला. मी तेव्हा खांबाकडे बघत होतो.

शेवटी प्रशिक्षक मला बाजूला घेऊन गेले. भला माणूस. म्हणाले, ‘खांद्याचं बघून घेतलं असतं. अजून वर्षभर तू खेळू शकतोस. पण तू मागे का बघतोस? मागे बघणारा गोलकीपर मी कसा उभा करू?’

दुकानातही तेच झालं आहे. काच कापायला बारीक हिरकणी बसवलेली लेखणी असते. ती पट्टीला लावून एकदाच ओढायची, न थांबता, न उचलता. मग काच त्या रेघेवर आपोआप तुटते. मी मधेच थांबतो. पट्टी सरकली की काय असं वाटतं आणि हात उचलला जातो. मग काच वाटेल तशी फुटते. आठवड्यात तीन फुटल्या. उस्ताद म्हणाले, ‘गोली, काच एकदाच ऐकते. तिला दोनदा सांगायला गेलास की ती रुसते.’ जुलैअखेर एका केशकर्तनालयाची मोठी दर्शनी काच कापायची आहे. ती मी कापावी असं त्यांचं म्हणणं आहे. नाही जमली तर मला कागद घालायच्या कामावरच ठेवतील. वाईट माणूस नाही, पण त्यांनाही दुकान चालवायचं आहे.

मी खूप विचार केला. तुम्हाला खूण आठवत नाही, म्हणजे ती फार सरकलेली असणार आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही सांगत नाही. तुमचा ठिपका खोटं बोलत नाही. मग खोटा मीच. माझ्या आत जे काही मोजमाप होतं ते त्या दिवशी आधीच कुजलं होतं आणि खांबाने फक्त ते उघड केलं. आता पुन्हा कुठल्या चाचणीला जाणार नाही. हातमोजे उस्तादांच्या पुतण्याला देणार होतो, पण अजून दिले नाहीत.

तुमचा,
बोक्या

२७ जून

प्रिय बोक्या,

हे पत्र मी एकटी लिहिते आहे. मामा मैदानावर गेलेत. त्यांना सांगितलेलं नाही.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ‘मग खोटा मीच’ या ओळीशी त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. मग उठले, बाहेर जायला निघाले आणि दाराच्या चौकटीवर आदळले. तीस वर्षं त्या दारातून येणारा-जाणारा माणूस. कपाळाला टेंगूळ आलंय. विचारलं तर म्हणतात, दार सरकलं.

त्यांच्या हाताला सूज-बीज काही नाही. त्यांना दिसत नाही, बाळा. एका डोळ्याने उजेड कळतो, दुसऱ्याने थोडं बाजूचं दिसतं. तीन वर्षं झाली. मैदानावर ते पायाने चालतात. कुठे खड्डा, कुठे उंचवटा, सगळं तळव्याला पाठ आहे, म्हणून कुणाला कळत नाही. रेषा मारायचं यंत्र जुन्या रेषेच्या कडेकडेने ढकलतात. पण ठिपका प्रत्येक सामन्याला नव्याने टाकावा लागतो, कारण सगळी पोरं नेमकी त्याच्यावर उभी राहतात.

ठिपक्यासाठी त्यांची ती दोरी, तुला आठवत असेल. एक टोक पंपाकडच्या खांबाला, आणि गोलच्या बरोबर मध्यावर येईल अशी लाल चिंधीची गाठ. गाठ हाताला लागली की तिथून सरळ बारा पावलं मोजायची आणि ठिपका टाकायचा. पूर्वी ते दोरीने मोजायचे आणि मग मध्यरेषेवर उभं राहून एक डोळा मिटून पडताळायचे. आता पडताळायला डोळा नव्हता.

आता माझं ऐक. तुझ्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात आपल्या मैदानालगतच्या अंगणाच्या गेटची कडी तुटली. गेट वाऱ्याने आपटत होतं, माझं डोकं उठलं होतं. कोपऱ्यात दोरी दिसली. मी विळीने टोकाचा एक तुकडा कापला, वीतभर, आणि गेट बांधून टाकलं. दोरी होती तशी गुंडाळून ठेवली. कुठल्या टोकाचा कापला तेही बघितलं नाही. दोरीला दोन टोकं असतात आणि त्यातलं एक तुझं होतं, हे मला कुठे ठाऊक!

सामना संपला. तुला गाडीत घालून नेलं. लोक गेले. मी त्यांना घरी चला म्हणत होते, तर हे गोलपाशी गुडघ्यावर बसलेले. मला वाटलं, रडतायत. जवळ जाऊन बघते तर हाताने जमीन चाचपत होते. तुझी खूण सापडली. तिथून पंपाकडच्या खांबापर्यंत विती मोजल्या. पंधरा. मग दुसऱ्या खांबापर्यंत मोजल्या. सतरा. आपला गोल बत्तीस विती रुंद, सोळा इकडे आणि सोळा तिकडे, हे त्यांना झोपेतही माहीत. मग ठिपक्यापासून तुझ्या खुणेपर्यंत दोरी ताणली. अगदी सरळ रेघ. मला म्हणाले, ‘पोराने खूण चोख मारली होती. ठिपकाच एक वीत डावीकडे होता.’ मग खूण बुजवली. त्या दिवसापासून घरात फुटबॉल हा शब्द निघालेला नाही.

त्यांना वाटतं डोळ्यांनी घात केला. दोरीचं मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. गेट बंद करताना रोज त्या तुकड्याला हात लागतो.

तुझी खूण सरकली नव्हती. तुझ्यात काही कुजलेलं नाही. खोटा तू नव्हतास. तू फक्त आमच्यावर विश्वास ठेवलास.

मला जे बोलायचं ते बोल. पण बोल.

मामी

२० जुलै

प्रिय बोक्या,

तेवीस दिवस झाले, तुझं पत्र नाही. फोन लागतो पण तू उचलत नाहीस. पोस्टमन दिसला की मी फाटकाशी जाते आणि तो लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो. परवा तर बिचाऱ्याने रस्ताच बदलला.

मी मामांना सगळं सांगितलं. तुला लिहिलं तेही आणि दोरीचंही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, ‘गेट तरी नीट बंद होतं का?’ मी म्हटलं, होतं. म्हणाले, ‘मग असू दे.’ एवढंच. त्या रात्री मात्र मी खूप रडले आणि त्यांनी झोपेचं सोंग घेतलं.

खालचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. मी हात धरायला गेले तर झिडकारलं. ओळी एकमेकींवर चढल्यात, पण तुला लागतील.

*बोक्या पंधरा आणि सतरा होतं मला माहीत होतं त्याच दिवशी सांगायला हवं होतं भ्यालो मैदान जाईल म्हणून भ्यालो आणि तू जाशील म्हणूनही ठिपका माझा मामा*

२ ऑगस्ट

आदरणीय मामा, प्रिय मामी,

पत्राला उशीर झाला. चार पत्रं लिहिली आणि फाडली. त्यातली दोन तुम्हाला न आलेलीच बरी.

मामी, तुझं पत्र मी दुकानात, उभ्यानेच वाचलं. आधी इतका आनंद झाला की मला हसू आलं. उस्तादांनी विचारलं, ‘लग्न ठरलं का?’ माझी खूण चोख होती! संध्याकाळपर्यंत मी सगळ्यांना पाण्याचे ग्लास भरून देत होतो. मग खोलीत गेलो, चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा बघितल्या आणि राग आला. असा राग मला आजवर कधी आला नव्हता. एक वीत चुकली त्याचा राग नव्हता. वीत कुणाचीही चुकते. चौदा महिने मी स्वतःला तपासत होतो, दोन डॉक्टरांना विचारत होतो की माझा तोल गेला आहे का, डोळे तपासून घेत होतो. डोळे, मामा! आणि उत्तर तुम्हा दोघांना माहीत होतं. तुम्ही मला तण आणि वॉशर लिहून पाठवलंत.

हे लिहायचं होतं. लिहिलं. आता पुढचं.

मी कागदावर गोल काढला, मापात. खांब, ठिपका, माझी खूण, चेंडू कुठून आला ते. पट्टी घेऊन तीन रविवार बसलो. मी एक वीत उजवीकडे, म्हणजे बरोबर मधोमध असतो, तर खांदा वाचला असता. अजून खेळत असतो. ते खरं आहे आणि ते मी बदलून लिहू शकत नाही. पण बोटं चेंडूला लागली नसती. एक वीत कमी पडली असती. त्या स्पर्शावर मी इतके दिवस जगलो आहे. झोप येत नसली की तोच आठवतो, चेंडू गार आणि थोडा ओला होता. तो तुमच्या ठिपक्याने दिलेला आहे. याचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. कदाचित काही करायचं नसेल.

तीस तारखेला केशकर्तनालयाची काच कापली. माझ्या उंचीपेक्षा फूटभर उंच होती. टेबलावर पसरली तेव्हा तिच्यात सगळं छत दिसत होतं, आणि छताच्या काचेतून ढग. उस्ताद हाताची घडी घालून उभे राहिले. मी एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजायला हात गेला, तो मागे घेतला. मनात म्हटलं, मी त्या दिवशीही बरोबर बघितलं होतं. लेखणी टेकवली आणि ओढली. रेघ ढगांतून गेली. पक्षी खूप लांबून ओरडावा तसा बारीक आवाज होतो, तो शेवटपर्यंत न तुटता आला. मी टोक खालून टिचकीने ठोकलं आणि काच रेघेवर सुटली. उस्ताद म्हणाले, ‘ऐकलं बाईंनी.’ काचेला ते बाई म्हणतात. मग मला कोपऱ्यातली जुनी लेखणी दिली, त्यांच्या गुरूची.

काच आम्ही चौघांनी रस्त्याने चालत नेली. मी पुढे होतो. लोक थांबून बाजूला होत होते आणि प्रत्येक जण काचेत स्वतःला बघत होता. घरं, तारा, एक बाई बाळाला घेऊन उभी, सगळं आमच्या हातांतून तरंगत चाललं होतं. मी एकदाही मागे बघितलं नाही. बघायची आठवणच झाली नाही. हे पोहोचल्यावर लक्षात आलं.

पुन्हा चाचणीला जाणार नाही, पण आता त्याचं कारण वेगळं आहे. हात कानापर्यंतच जातो आणि मला काच आवडते. हातमोजे दिले. पोराला मोठे होतात, म्हणून बोटांत कापूस भरला.

शनिवारी येतो. नवी दोरी आणतो आहे, न आटणारी. मामी, लाल चिंधी शोधून ठेव. आणि मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. यावर वाद नको.

तुमचा,
बोक्या

१२ ऑगस्ट

आदरणीय मामा,

काल सकाळी तुम्ही दोघं झोपलेले होतात, म्हणून न उठवता निघालो. पहिली गाडी गाठायची होती. मामीने रात्रीच बांधून दिलेलं गाडीतच संपवलं.

शनिवारी डॉक्टरांनी सांगितलं ते लक्षात ठेवा. एक डोळा बराच परत येईल, दुसऱ्याचं ते काही सांगू शकत नाहीत. सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया. मी आठवडाभर आधी येईन. तुम्ही मैदानाच्या सेक्रेटरींना डोळ्यांचं स्वतः जाऊन सांगितलंत, ते मला फार आवडलं. मी बाहेर बाकावर बसून बोटं मोडत होतो. ते तुम्हाला काढतील असं मला वाटलं होतं आणि ते म्हणाले, ‘ठिपका टाकताना दुसरं टोक धरायला कुणीतरी ठेवा, बस.’ ते टोक मामीच धरणार असं ठरलं. तिच्या हातात विळी नाही ना, एवढं बघत जा.

एक गोष्ट सांगायची राहिली. गाडीला अर्धा तास होता, म्हणून जाताना मैदानावर गेलो. नुकतं उजाडत होतं. धुकं होतं, गुडघ्यापर्यंत. गवत दिसत नव्हतं, खांब तेवढे पांढरे उभे. मला क्षणभर वाटलं, आता चेंडू येईल आणि त्याची शिवण मोजता येईल. मी गोलमध्ये गेलो, गोलकडे पाठ केली. ठिपका धुक्याखाली होता. मग मी डोळेही मिटले. पंपातून थेंब पडत होता, तो डावीकडे. रस्त्यावरून एक सायकल गेली. मी थोडा इकडे सरकलो, थोडा तिकडे, जसं अंथरुणात आपली जागा सापडते तसं. मग टाचेने खूण केली. खोल, जुन्या सवयीची.

डोळे उघडून नवी दोरी ताणली. पंपाकडच्या खांबाला टोक, मधे मामीची चिंधी.

दोन बोटं चुकलो. उजवीकडे.

मी बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत उभा होतो. मग मला फार बरं वाटलं. ती चूक कुणाच्या ठिपक्याची नव्हती, दोरीची नव्हती. माझी होती, आणि एवढीशीच होती.

दोरी पंपाच्या खोलीत खुंटीला टांगली आहे. खूण मात्र बुजवली नाही. ते काम माझं कधीच नव्हतं. हात फिरवून बघा. सापडली की शिव्या देऊन बुजवा.

तुमचा,
बोक्या

१६ ऑगस्ट

बोक्या,

घाईत लिहिते, पोस्टमन फाटकाशी थांबलाय. पत्र वाचून दाखवलं. चपला शोधल्या, मी पुढे केल्या तर म्हणाले, ‘दिसतात मला,’ आणि उलट्या घालून गेले.

त्याला तास झाला. चहा दोनदा गरम केला. आता इथून मला दिसतायत, गोलपाशी गुडघ्यावर बसलेत आणि जमिनीवर हात ठेवलाय. शिव्या तर इथपर्यंत ऐकू येतायत. पण हात काही हलत नाही.

मामी